चाळीस हजारांचे ड्रमकिट आणि अभ्यासिकेतला वाद

जयंतीच्या एका रात्रीसाठी डीजेला मोजायला आपल्याकडे पैसे असतात. पण वर्षभर सराव करता येईल असे एखादे वाद्य घ्यायचे म्हटले की "बजेट नाही" हे उत्तर तयार असते. हे उत्तर आम्ही अनेक वर्षे ऐकले. यंदा आमच्या पथकाने घरोघरी फिरून, पावत्या फाडून चाळीस हजार रुपये जमवले आणि पहिले इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घेतले. घेण्याआधी दोन महिने आमच्यात जो वाद झाला, तो किटपेक्षाही महत्त्वाचा होता. इतर वस्त्यांतले तरुण आज ना उद्या याच प्रश्नापाशी येणार आहेत, म्हणून तो वाद आणि त्यातून आम्हाला जे समजले ते इथे मांडत आहोत.

आम्ही म्हणजे मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पुनर्वसन इमारतीतले नऊ जण. पाच मुलगे, चार मुली. ढोलकी, हार्मोनियम, दिमडी आणि मागून आणलेला ऑक्टोपॅड यावर आजवर भागवत आलो. घरे २६९ चौरस फुटांची, भिंतीला भिंत लागलेली. तिथे खरा ड्रमसेट वाजवणे अशक्य. सरावाला जागा एकच, तळमजल्यावरची अभ्यासिका. आणि तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत एमपीएससीची, बँकेच्या परीक्षांची पोरे पुस्तकात डोके घालून बसलेली असतात. म्हणजे वाद्य हवे आणि शांतताही हवी. इलेक्ट्रॉनिक ड्रमकिटचा विचार इथून सुरू झाला. हेडफोन लावला की आवाज वाजवणाऱ्याच्याच कानात राहतो, एवढेच तेव्हा आम्हाला माहीत होते.

पहिला आक्षेप अभ्यासिकेतूनच आला. "चाळीस हजारांत किती पुस्तके आली असती?" हा प्रश्न चुकीचा नाही. पण पुस्तक आणि वाद्य यांना एकमेकांसमोर उभे करणे चुकीचे आहे. बाबासाहेबांच्या हयातीतच भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे गावोगाव फिरत होते. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत विचार पोहोचवण्याचे काम त्या जलशांनी केले. वामनदादा कर्डकांनी हयात त्यातच घालवली. गाणे ही आपल्याकडे चळवळीची शाळा होती, आणि शाळेला साहित्य लागते. म्हणून आम्ही अभ्यासिकेच्या पोरांना शब्द दिला की पुस्तकांच्या निधीतला एक रुपयाही घेणार नाही, वर्गणी स्वतंत्र करू आणि हिशोब अभ्यासिकेच्या फळ्यावर लावू. तसेच केले.

दुसरा आक्षेप जास्त खोल होता. तो वस्तीतल्या एका ज्येष्ठ काकांचा. ते म्हणाले, "पोरांनो, आमच्या बापाने गळ्यातली हलगी उतरवली. ती काय तुम्ही स्टुलावर बसून पुन्हा वाजवावी म्हणून?"

या प्रश्नाला हसून पुढे जाता येत नाही. गावात सण असो, लग्न असो, मयत असो, वाजवायला आपणच. मोबदला म्हणून धान्याची मूठ किंवा उष्टे. नाही म्हणण्याची सोय नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांतल्या आपल्या माणसांनी गावकीची कामे नाकारली, त्यात हे वाजवणेही होते. तो नकार म्हणजे वाद्याचा द्वेष नव्हता. सक्तीचा नकार होता. आम्ही काकांना म्हटले, "काका, तुमच्या वडिलांना वाजवायला लागत होते. आम्हाला वाजवायचे आहे. कुठे वाजवायचे, काय वाजवायचे, केव्हा थांबायचे हे आम्ही ठरवणार. त्यांनी हलगी उतरवली म्हणूनच आज आम्हाला ही निवड करता येते." काका लगेच पटले असे नाही. पण वर्गणीच्या वहीत त्यांनी पाचशे रुपये लिहिले.

याच वादात आमच्यातल्या एकाने तिसरा मुद्दा काढला. तो म्हणाला, "इलेक्ट्रॉनिक किटमध्ये कातडे नसते, त्यामुळे तो डागच राहत नाही." हा युक्तिवाद आम्ही एकमुखाने फेटाळला. कातडे हा डाग नाहीच. कातडे कमावणाऱ्याला, वाद्य मढवणाऱ्याला खालचे मानणे हा डाग आहे. टी. एम. कृष्णा यांचे 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे २०२० चे पुस्तक मृदंगम बनवणाऱ्यांवर आहे. त्यांतले बरेच जण दलित ख्रिस्ती. वादकाचे नाव सभागृहाबाहेरच्या फलकावर झळकते, ज्याने कातडे निवडले, ताणले, सूर लावला त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते. तेव्हा आपण इलेक्ट्रॉनिक किट घ्यावे ते जागा लहान आहे, शेजारी अभ्यास करतो आहे आणि खिसा मर्यादित आहे म्हणून. कातड्याची लाज वाटते म्हणून मुळीच नाही.

आणि ड्रमकिट हे काही 'साहेबांचे' वाद्यही नाही. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी ढोल वाजवत उठाव केला. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथल्या सत्तेने कायदा केला आणि गुलामांना ढोल, शिंगे अशी मोठ्या आवाजाची वाद्ये वापरायला बंदी घातली. ढोलाची भीती कुणाला वाटते ते यावरून कळावे. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये बेबी डॉड्ससारख्या काळ्या वादकांनी मोठा ड्रम, स्नेअर आणि झांजा एकत्र करून एकाच माणसाने वाजवायची कला घडवली. पायाने मोठा ड्रम वाजवण्याच्या पेडलचे पेटंट लुडविगने १९०९ मध्ये घेतले आणि तिघांचे काम एकाच्या हातापायांत आले. म्हणजे या वाद्याची नाळ कष्टकऱ्यांशी, वंचितांशी जुळलेली आहे. चेन्नईत २०१८ पासून 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड पराई, गाना आणि ड्रमकिट एकाच मंचावर आणतो आहे. तिथे कुणाला यात विसंगती वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

इथवर एकमत झाले आणि खरी अडचण सुरू झाली. कोणते किट?

सर्वात आधी ऑक्टोपॅडचा प्रश्न निकालात काढावा लागला. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, भीमगीतांचे कार्यक्रम, सगळीकडे ऑक्टोपॅड आहे. रोलँडने १९८५ मध्ये तो बाजारात आणला आणि आपल्या वादकांनी तो आपलासा केला. एका बॅगेत मावतो, लोकलमधून नेता येतो, ढोलकीपासून टाळीपर्यंत सगळे आवाज त्यातून निघतात. कार्यक्रम करून पैसे कमवायचे असतील तर ऑक्टोपॅडच घ्यावा, असे आम्ही आजही सांगू. पण त्यावर वादक दोन हातांनी वाजवतो. पेडल जोडता येतात, तरी बहुतेक जण जोडत नाहीत. ड्रमकिट दोन हात आणि दोन पाय वेगवेगळे चालवायला शिकवते. आम्हाला शिकायचे होते, नवे वादक तयार करायचे होते. म्हणून किट.

मग दुकाने पालथी घातली. एका दुकानात आधी "बजेट किती?" असे विचारले आणि आकडा ऐकल्यावर स्टिक हातात द्यायलाही टाळाटाळ केली. आम्ही बाहेर पडलो. हा अनुभव लिहायचे कारण एकच. ज्या दुकानात वाजवून पाहू देत नाहीत तिथे वाद्य घेऊ नका, मग तिथे कितीही सूट असो. हाताला लागणारी वस्तू हाताने तपासूनच घ्यायची असते.

वाजवून पाहिल्यावर आम्हाला समजलेल्या गोष्टी अशा.

एक. आवाजांच्या आकड्याला भुलू नये. पेटीवर "चारशे आवाज, पन्नास किट" असे मोठ्या अक्षरात छापलेले असते. नवशिक्याला सुरुवातीला चार-पाच आवाज लागतात. आवाज नंतरही बदलता येतात. किटच्या मॉड्यूलला यूएसबी असेल तर ते जुन्या लॅपटॉपला जोडून 'हायड्रोजन'सारख्या मोफत प्रणालीतून हवे ते आवाज काढता येतात. त्यात स्वतः रेकॉर्ड केलेला हलगीचा ठोकाही भरता येतो. लॅपटॉप फार जुना असेल तर ठोका आणि आवाज यांत अंतर पडते, ते आधी तपासावे. पण पॅड हलक्या दर्जाचे असेल तर त्यावर कोणताही मोफत उपाय नाही.

दोन. पैसा पॅडवर घालावा. पॅडच्या खाली एक संवेदक असतो. ठोका किती जोराचा बसला ते तो मॉड्यूलला कळवतो. पॅड रबराचे असते किंवा जाळीचे. १९८१ मध्ये आलेल्या सिमन्सच्या षटकोनी पॅडचे पृष्ठ इतके कडक होते की वादकांची मनगटे दुखत. १९९७ मध्ये रोलँडने जाळीचे पॅड आणले आणि काठीला खऱ्या ड्रमसारखी उसळी मिळू लागली. तेव्हा ते फार महाग होते. आता कमी किमतीच्या किटमध्येही जाळी मिळते. जाळीचा ताण चावीने कमीजास्त करता येतो आणि तिचा बाहेर येणारा टकटकाट रबरापेक्षा कमी असतो. अभ्यासिकेच्या दृष्टीने आमचा निर्णय इथेच झाला.

तीन. हळू वाजवून पाहावे. दुकानात सगळे जोरात वाजवून बघतात. जोरात वाजवले की स्वस्त किटही बरे वाटते. स्नेअरवर काठी नुसती टेकवत, मग हळूहळू जोर वाढवत न्यावे. आवाज पायरीपायरीने वाढला पाहिजे. हळू ठोके गिळले जात असतील, एका ठोक्याचे दोन ऐकू येत असतील किंवा टॉमवर मारले आणि शेजारचे पॅडही वाजले, तर आधी मॉड्यूलमधली संवेदनशीलता बदलून बघावी. तरीही तसेच होत असेल तर ते किट सोडून द्यावे.

चार. पायाखाली काय आहे ते बघावे. यामाहाचे डीटीएक्स ४०२ के किंवा रोलँडचे टीडी-१ के यांत मोठ्या ड्रमचे पेडल ठोकणीशिवायचे आहे. पाय दाबला की आवाज, मध्ये कशावर आपटणे नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी, रात्री सराव करणाऱ्यांसाठी तेच योग्य. अलेसिसच्या नायट्रो मेशसारख्या किटमध्ये उभे पॅड आणि त्यावर आपटणारी ठोकणी असते. पायाला खऱ्या ड्रमची सवय त्यातून लागते, पण धक्का जमिनीतून खालच्या घरात जातो. लक्षात घ्या, हेडफोनमुळे हवेतला आवाज थांबतो, फरशीतून जाणारा धक्का थांबत नाही. आमची जागा तळमजल्यावर असल्यामुळे आम्हाला ठोकणी परवडली. तरीही आम्ही दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून एक बैठक बनवली आणि किट तिच्यावर ठेवले. हा जुगाड जगभरातले वादक करतात, आणि तो चालतो.

पाच. ज्याला शांतता हवी त्याच्याकडून तपासणी करून घ्यावी. किट बघायला जाताना आम्ही एमपीएससीच्या एका विद्यार्थिनीला सोबत नेले. आमच्यातला एक हेडफोन लावून वाजवत होता, ती शेजारी पुस्तक उघडून बसली. रबराच्या झांजांचा टकटकाट तिला ऐकू आला आणि तिने तसे स्पष्ट सांगितले. इलेक्ट्रॉनिक म्हणजे नि:शब्द नव्हे. म्हणून सरावाच्या वेळा तिने आणि तिच्या सोबत्यांनी ठरवायच्या, आम्ही नाही, हे तिथेच ठरले.

अखेरीस आम्ही नवे न घेता वापरलेले नायट्रो मेश घेतले. त्यात दुहेरी आवाजाचे आठ इंची स्नेअर, तीन टॉम, तीन झांजा आणि पेडल. एका कॉलेजच्या मुलाने दोन वर्षे वापरलेले, सव्वीस हजारांत. नव्याची हमी गेली, पण त्या किमतीत जाळीचे पूर्ण किट मिळाले. वापरलेले घेताना प्रत्येक पॅड स्वतंत्र वाजवा. वायर हलवून बघा, आवाज तुटतो का. हाय-हॅटचे पेडल उघडे-बंद करून पाहा. क्रॅशची कड हाताने धरली की आवाज थांबतो का ते बघा. मॉड्यूलची सगळी बटणे दाबा. अ‍ॅडॉप्टर मूळचाच आहे का ते विचारा, कारण चुकीच्या दाबाचा अ‍ॅडॉप्टर लावला तर मॉड्यूलच जायचे. आणि लेखी पावती घ्या. वर्गणीचा पैसा आहे, तोंडी व्यवहार नको.

आता हिशोब. चाळीस हजार जमले म्हणून चाळीस हजारांचे किट घ्यायचे नसते. कारण किटच्या पेटीत स्टूल नसते, हेडफोन नसतो, बऱ्याचदा बाकीचे सामानही नसते. आम्ही आधीच ठरवले होते की किटला जास्तीत जास्त तीस हजार, उरलेले दहा इतर गोष्टींना. स्टूल ३,०००. कान पूर्ण झाकणारा हेडफोन २,५००. स्टिकच्या दोन जोड्या ६००. सतरंजी, प्लायवूड आणि चेंडू १,५००. जादा वायर ४००. दुरुस्तीसाठी राखीव २,०००. स्टुलावर कंजुषी करू नका. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वाजवले की उंची चुकते, पाय आणि कंबर दोन्ही दुखतात. किट सव्वीस हजारांत मिळाल्याने जे चार हजार वाचले, ते शिकवणाऱ्याच्या मानधनात घातले. वस्तीबाहेरचे एक ड्रमवादक दर रविवारी येतात. स्पीकर घेतला नाही. कार्यक्रमाला भाड्याने आणू. आणि गिटारचा अँप मिळाला म्हणून त्यात ड्रम जोडू नका, मोठ्या ड्रमच्या धक्क्याने त्याचा स्पीकर फाटू शकतो.

इथे डीजेचा मुद्दा पुन्हा येतो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे २००० सालचे नियम सांगतात. आपली जयंती पोलिसांच्या नोटिसांत अडकते आणि दुसऱ्या दिवशी हातात काहीच उरत नाही. डीजेवर गेलेला पैसा रात्रीतच संपतो. वाद्यावर घातलेल्या पैशातून वर्षाच्या शेवटी चार-दोन वादक तयार होतात. जयंती मंडळांनी हा साधा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

पण वस्तू आली म्हणजे समता आली असे होत नाही. पहिल्याच आठवड्यात तीन मुलगे स्टुलावरून उठेनात. मुली बाजूला उभ्या राहून "आमचा नंबर केव्हा?" विचारत होत्या. आमच्या पथकातली अकरावीतली मुलगी म्हणाली, "वर्गणी गोळा करायला जिने आम्ही चढलो, आणि वाजवायचे तुम्ही?" तिचे म्हणणे सरळ होते. सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर हक्क सांगणाऱ्या चळवळीची आपण लेकरे, आणि आपल्याच चार हातांच्या खोलीत एका स्टुलावर मक्तेदारी? त्याच रात्री वही घातली. प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटे, नाव लिहून, सही करून. जो बरे वाजवतो त्याला जास्त वेळ नाही, उलट जो मागे आहे त्याच्या शेजारी बसून त्याने शिकवायचे. त्या मुलीचा डावा पाय आता हाय-हॅटवर आमच्या सर्वांपेक्षा नेटका चालतो.

काही जण म्हणतील, हे सगळे एका वाद्यासाठी? होय. घराघरांतून शंभर-दोनशे रुपये आले, काहींचे पाचशे. बहुतेक जण रोजंदारीवरचे. त्या पैशाची निवड विचार करून करणे, हिशोब उघडा ठेवणे आणि त्या वस्तूवर सर्वांचा समान हक्क राखणे, यालाच आपण संघटन म्हणतो.

तुमच्या वस्तीत किट घ्यायचे असेल तर आधी जागा मोजा, शेजाऱ्याला विचारा, मग दुकानात जा. आवाजांचे आकडे बाजूला ठेवा आणि पॅडला हात लावून बघा. एकूण रकमेतला चौथा हिस्सा स्टूल, हेडफोन आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवा. शिकवणारा कोण ते आधी ठरवा, नाहीतर सहा महिन्यांत किटवर कपडे वाळत घातलेले दिसतील. आणि पहिल्या दिवसापासून वही घाला, त्या वहीत पहिले नाव मुलीचे असू द्या.

जय भीम!